‘चोर आतलाच आहे’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या बाजारपेठेतलं सराफाचं दुकान फुटलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक मेसेज गावातल्या जवळपास सगळ्या ग्रुपवर येऊन गेला. अजून फिरतोय. थोडक्यात तो असा: चोरी बाहेरच्यांनी केलेलीच नाही. पोलिसांचं कुत्रं दुकानाच्या आसपासच घुटमळलं. चोरांनी डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी, बरोब्बर काढून नेली. मालकाचा विमा आहे, धंदा मंदीत आहे, आणि कामगार त्याला सामील आहे. ज्यांनी दागिने गहाण ठेवले त्यांचं सोनं आता बुडालं. पोलीस गप्प आहेत, कारण प्रकरण दाबायचंय. आणि शेवटी कुणीतरी जोडलेली ओळ: गावाबाहेर पालं पडली आहेत, त्यांच्याकडेही बघा.

माझं दुकान समोरच आहे. चोर कोण, हे आज गावात कुणालाच ठाऊक नाही, मेसेज लिहिणाऱ्यालाही नाही. पण त्याने पुरावा म्हणून जे पुढे केलंय ते तपासून बघता येतं. मी ते बघितलं, आणि त्यातलं काहीही टिकत नाही.

सुरुवात कुत्र्यापासून करू, कारण लोकांना सगळ्यात जास्त तेच पटलंय. ‘श्वान काही अंतर जाऊन घुटमळले’ हे वाक्य घरफोडीच्या बातम्यांमध्ये वर्षानुवर्षं छापून येतंय. त्याचा साधा अर्थ असा की वासाचा माग तिथे संपला. चोर पायी आले आणि गाडीत बसून गेले, की माग गाडीपाशीच संपणार. इथेही श्वान दुकानाच्या पायरीवरून बोळात गेलं, बोळातून मोठ्या रस्त्यावर आलं आणि तिथे थांबलं. त्याआधी काय झालं होतं तेही मी पाहिलंय. शटर मधोमध वाकवून वर उचकटलेलं होतं, खाली माणूस सरपटत जाईल एवढी फट. पोलीस येईपर्यंत अर्धी पेठ त्या पायरीवर चढून आत डोकावून गेली होती. कुणी कुलपाला हात लावून पाहिला, कुणी शटर आणखी वर ढकललं. एवढ्या पायांच्या आणि हातांच्या वासातून श्वानाने रस्त्यापर्यंतचा माग काढला, हेच त्याचं कौतुक.

आणि समजा ते एखाद्या माणसापाशी जाऊन थांबलं असतं, तरी त्यावरून कुणी चोर ठरत नाही. महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ सालीच म्हटलंय की श्वानाने काढलेल्या मागाला पुरावा म्हणून फारसं वजन देता येत नाही. श्वानाची उलटतपासणी घेता येत नाही, त्याला नेमकं काय कळलं ते विचारता येत नाही. श्वानपथक हे तपासाला दिशा देण्यासाठी असतं. न्यायालय ज्यावर कुणाला दोषी धरत नाही, त्यावर आपण शेजाऱ्याला दोषी धरतोय.

आता डीव्हीआर. ‘ती पेटी कुठे ठेवलीय हे आतल्या माणसाशिवाय कुणाला माहीत असणार?’ याचं उत्तर आहे, कुणालाही. आपल्या पेठेतल्या कुठल्याही दुकानात जा. गल्ल्याच्या वर स्क्रीन असते, तिच्याखाली फळीवर लाल-हिरवे दिवे लुकलुकणारी पेटी असते आणि भिंतीवरून सगळ्या कॅमेऱ्यांच्या वायरी तिच्याकडे येतात. मंगळसूत्राची वाटी दाखवा म्हणून पाच मिनिटं बसलेल्या गिऱ्हाईकाला ती दिसते. सराईत चोर डीव्हीआर नेतो, ही आता इतकी ठरलेली गोष्ट आहे की कॅमेरे बसवणारे स्वतःच सांगतात, पेटी दुसऱ्या खोलीत बंद ठेवा किंवा चित्रण क्लाउडवर जाईल असं करा. आपण ते करत नाही, हा आपला हलगर्जीपणा. त्यावरून मालकाचं संगनमत सिद्ध होत नाही.

बाहेरच्या टोळ्या किती तयारी करतात याचा अंदाज नसल्यामुळेच ‘आतल्याशिवाय शक्य नाही’ असं पटकन वाटतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईत जुईनगरला बँकेची शाखा फोडली ती आठवा. चोरांनी काही महिने आधी त्याच इमारतीत गाळा भाड्याने घेतला, तिथे किराणा दुकान चालवलं, खालून भुयार खणलं आणि सुट्टीचे दिवस साधून थेट लॉकरच्या खोलीत निघाले. तीसेक लॉकर फोडले. आजूबाजूचे दुकानदार त्यांना शेजारी समजत होते. मोबाइलची दुकानं फोडणारी बिहारच्या घोडासहनकडची ‘चादर गँग’ही पोलिसांच्या चांगल्या माहितीची आहे. शटरसमोर चादर धरायची, आडोशाला शटर उचकटायचं, एकाला आत सोडायचं आणि पहाटेपर्यंत जिल्ह्याबाहेर. हे लोक आधी येऊन रेकी करतात. गुरखा कधी फेरी मारतो, कुठल्या शटरला मधलं कुलूप नाही, बोळातला दिवा कुठला बंद आहे, हे सगळं रस्त्यावर उभं राहून कळतं. आमच्या त्या बोळातला दिवा किती दिवस बंद आहे, हे पेठेतलं शेंबडं पोरही सांगेल.

विम्याच्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय, कारण तिथे मेसेज स्वतःलाच खोडून काढतो. सराफांचा विमा वेगळा असतो, ‘ज्वेलर्स ब्लॉक’ म्हणतात त्याला. दुकान फुटलं की कंपनी पैसे आणून देत नाही. आधी सर्व्हेअर येतो. तो स्टॉक रजिस्टर, खरेदीची बिलं, जीएसटीची विवरणपत्रं, आदल्या दिवसाची शिल्लक हे सगळं ताडून बघतो. माल रात्री तिजोरीत होता की काउंटरमध्येच राहिला, हे विचारतो, कारण दुकान बंद झाल्यावर तिजोरीबाहेर राहिलेला माल अशा पॉलिसीत सहसा धरत नाहीत. आणि आपल्याच कामगाराने केलेली चोरी या पॉलिसीतून बहुधा वगळलेली असते. म्हणजे मेसेज म्हणतो तसं मालकाने कामगाराला हाताशी धरून विम्यासाठी चोरी घडवली असेल, तर कामगाराचा हात उघड झाल्याबरोबर मालकाचा दावाच बुडतो. पैशासाठी बनाव करणारा माणूस पैसे बुडवणारा मार्ग कशाला धरेल?

शिवाय बनावाची फिर्याद पोलिसांना कळतच नाही, असं ज्याला वाटतं त्याने समरीचे, म्हणजे तपास संपवताना पोलीस न्यायालयाला देतात त्या अहवालाचे, प्रकार समजून घ्यावेत. आपल्याकडे तपासाअंती चोर सापडला नाही पण गुन्हा खरा होता, तर ‘अ’ समरी होते. फिर्यादच खोटी निघाली तर ‘ब’ समरी, आणि खोटी फिर्याद देणाऱ्यावर कारवाईही होऊ शकते. विमा कंपनी दावा मंजूर करताना हा अंतिम अहवाल मागते. शटर आतून उचकटलं की बाहेरून, कुलूप तोडलं की किल्लीने उघडलं, हे पंचनाम्यात लिहिलेलं असतं. त्या शटरचा वाक बाहेरून आत गेलेला आहे. तो मी डोळ्यांनी बघितलाय, मेसेज पाठवणाऱ्यांनीही येऊन बघावा.

‘कामगाराचे ठसे घेतले, त्याला चौकीत बसवून ठेवलं, म्हणजे काहीतरी आहेच’ हे मेसेजनंतर सुरू झालेलं बोलणं. अहो, ठसे सगळ्यांचेच घेतले. मालकाचे, त्यांच्या भावाचे, दोन्ही कामगारांचे. काचेवर काळी पावडर मारून जे ठसे मिळतात, त्यातून घरच्यांचे वगळल्याशिवाय परक्याचा ठसा ओळखणार कसा? जबाबही सगळ्यांचे झाले. साक्षीदाराचा जबाब म्हणजे आरोप नव्हे.

ज्या कामगाराकडे बोट दाखवलं जातंय तो मुलगा रोज सकाळी दुकानापुढे झाडून पाणी मारतो आणि माझ्याही पायरीवर दोन तांबे टाकून जातो. परवा त्याची आई माझ्याकडे आली. म्हणाली, “ताई, दळण टाकायला गेले तर गिरणीत बाया बोलायच्या थांबल्या. पोरगं घरात बसून आहे, फोन हातातून सोडत नाही, कोण काय लिहितंय ते वाचतंय.” मेसेजमध्ये त्याचं नाव नाही, पण ‘तिथला जुना कामगार’ म्हटल्यावर गावात नाव लागतच नाही. उद्या चोर परराज्यात सापडले तर ती बातमी चार ओळींची येईल आणि हा मेसेज मात्र त्याच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत जाऊन पोहोचेल. पुराव्याशिवाय एखाद्याला चोर ठरवणारा मजकूर पसरवणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी ठरू शकते, आणि पुढे ढकलणाराही त्यातून सुटतोच असं नाही.

गहाण सोन्याचं थोडक्यात. ज्यांनी दागिने ठेवलेत त्यांची घालमेल मला कळते. पण ज्यांच्याकडे पावती आहे त्यांनी ती जपून ठेवावी, दागिन्याचं वजन आणि वर्णन लिहून पोलिसांकडे द्यावं. तपासात मुद्देमाल मिळाला तर ओळख पटवायला तेच लागतं. परवानाधारक सावकाराला गहाण मालाची नोंद ठेवावीच लागते. दुकानासमोर जमून शेठना शिव्या घातल्याने एक गुंजही परत येणार नाही.

आता ती पालांची ओळ. मेसेजमधली ही सगळ्यात वाईट ओळ आहे आणि ती कुणी जोडली त्याने स्वतःला विचारावं की आपण काय केलं. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणात, सेटलमेंटमध्ये ठेवलं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण चोरी झाली की बोट अजून पालाकडेच जातं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना पुन्हा सांगावं लागलं की विमुक्त, म्हणजे त्या कायद्याच्या शिक्क्यातून मोकळ्या झालेल्या, जमातींच्या लोकांना मनमानी अटक होता कामा नये.

आणि बोट दाखवण्यावर हे थांबत नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवारचा आठवडी बाजार होता. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज आधीपासून फिरत होते. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारलं. ते कुणालाही पळवायला आलेले नव्हते. अशा घटनांनंतरच व्हॉट्सअ‍ॅपला भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालावी लागली. आपल्या गावाबाहेर जी पालं आहेत तिथे लहान मुलं आहेत, एक बाळंतीण आहे. त्या ओळीमुळे रात्री कुणी काठ्या घेऊन तिकडे निघालं, तर जबाबदार कोण?

राहिला ‘प्रकरण दाबलं’ हा आरोप. गुन्हा नोंद आहे. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर संकेतस्थळावर टाकावाच लागतो, सर्वोच्च न्यायालयाचा २०१६चा तसा आदेश आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर तारीख आणि पोलीस ठाणं निवडून कुणीही पाहू शकतो. फिर्यादीला प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार बंधनकारक आहे. नव्वद दिवस उलटून काहीच कळलं नाही, तर व्यापारी संघाने पोलीस अधीक्षकांकडे लेखी विचारावं, सही करायला मी पहिली येईन. पण आज पोलीस रोज पत्रक काढत नाहीत यात दाबादाबी नाही. त्या रात्री परिसरातल्या टॉवरवर कोणते नंबर होते, टोलनाक्यावरून कोणत्या गाड्या गेल्या, हे गोळा होत असताना जाहीर केलं तर चोरच आधी सावध होतील.

पोलिसांना या घडीला हवंय ते वेगळंच. मोठ्या रस्त्याकडे तोंड असलेले कॅमेरे पेठेत बरेच आहेत, पेट्रोल पंपापासून दूध डेअरीपर्यंत. हार्ड डिस्क भरली की मशीन जुनं चित्रण पुसून त्यावर नवं घेतं, काही ठिकाणी ते आठवड्यातच पुसलं जातं. त्यामुळे ज्यांचा कॅमेरा आहे त्यांनी त्या रात्रीचं बारा ते पाचचं चित्रण आजच कॅमेरावाल्याला बोलावून काढून ठेवावं आणि चौकीत कळवावं. मूळ डीव्हीआर फॉरमॅट करू नका, बदलू नका. न्यायालयात ते चित्रण चालण्यासाठी नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, ते कसं द्यायचं हे तपास अधिकारी सांगतील. माझ्या कॅमेऱ्यात रस्त्याचा अर्धाच भाग येतो. ते चित्रण मी दिलेलं आहे. डेअरीच्या कॅमेऱ्यात बोळाचं तोंड दिसतं, तेव्हा डेअरीवाल्या दादांनी आज दुपारपर्यंत तेवढं नक्की करावं.