दहा सत्रे मिळतात, पण सगळीच मोफत नसतात

ऑस्ट्रेलियात फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर समुपदेशनाची १० सत्रे 'मोफत' मिळतात, हे लेखातील विधान कृपया दुरुस्त करावे. २००६ मध्ये सुरू झालेल्या 'बेटर ॲक्सेस' योजनेत एका कॅलेंडर वर्षात १० वैयक्तिक सत्रांपर्यंत मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य विमा योजना, ठरावीक रक्कम परत करते. मानसशास्त्रज्ञाची फी त्याहून जास्त असेल, आणि पुष्कळदा ती असतेच, तर वरचा फरक आपल्याच खिशातून जातो. म्हणून वेळ घेतानाच 'बल्क बिलिंग (म्हणजे सगळे बिल थेट मेडिकेअरला, आपल्याला काही नाही) करता का, नाहीतर गॅप, म्हणजे हा वरचा फरक, किती पडेल' हे निःसंकोच विचारावे. दहाही सत्रांची चिठ्ठी एकदम मिळत नाही. आधी जास्तीत जास्त सहा, मग डॉक्टरांना पुन्हा भेटून उरलेली. डॉक्टरांकडे जातानाही मेंटल हेल्थ प्लॅनसाठी (ज्याच्या आधारे ही चिठ्ठी मिळते, त्या उपचारांच्या आराखड्यासाठी) लांब अपॉइंटमेंट हवी असे रिसेप्शनला आधी सांगावे, कारण 'गेल्या चार आठवड्यांत किती वेळा हताश वाटले' अशा प्रश्नांची उत्तरे घाईघाईत खरी दिली जात नाहीत. मुलांकडे कायमचे राहायला आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांसाठी तर दुभाषी आवर्जून मागावा. मुलाला किंवा सुनेला मध्ये बसवले, की ज्याविषयी बोलायचे तेच नेमके बोलायचे राहून जाते.