होज बदलताना ओ-रिंगला ‘भरपूर ग्रीस’: हा सल्ला कुठे चुकतो

स्कूबा रेग्युलेटरचे (सिलिंडरमधली हवा पाण्याखाली श्वासासाठी देणाऱ्या उपकरणाचे) होज, म्हणजे हवेच्या नळ्या, स्वतः बदलणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतोय. तो थोडक्यात असा: ओ-रिंगला (सांध्यातल्या रबरी कड्याला) भरपूर ग्रीस लावा, गळती ग्रीसनंच थांबते; ग्रीस नसेल तर व्हॅसलीन चालतं; आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळा आणि पान्यानं कचकचून आवळा. नाशकातून गिअर तारकर्लीला न्यायचा असो की गोदेच्या गाळात उतरवायचा, यातली एकही गोष्ट करू नका.

‘गळती ग्रीसनं थांबते.’ नाही. होज पोर्टमध्ये (रेग्युलेटरवरच्या आटे असलेल्या भोकात) बसला की ओ-रिंग धातूच्या दोन पृष्ठभागांमध्ये दाबली जाते आणि आतली हवा तिला फटीकडे आणखी रेटते. सील होतं ते या दाबामुळे. हाय प्रेशर पोर्टमध्ये सिलिंडरचा पूर्ण दाब, म्हणजे 200 बारच्या आसपास, असतो. तो ग्रीसच्या थरानं रोखला जाईल ही कल्पनाच चुकीची आहे. ग्रीसचं काम होज फिरवताना असतं: ओ-रिंग पीळ न खाता, न चिमटता खाचेत सरकावी. त्यासाठी बोटाच्या टोकावर जेमतेम दिसेल इतकं ग्रीस पुरतं. रिंग दोन बोटांत फिरवून घ्या. काळा रबर ओलसर चमकला पाहिजे. पांढरा गोळा कुठे दिसला तर पुसून काढा.

जास्त ग्रीसचा तोटा हाय प्रेशर होजमध्ये लगेच दिसतो. या होजच्या फर्स्ट स्टेजकडच्या (सिलिंडरवर बसणाऱ्या भागाकडच्या) टोकाला मुद्दाम सुईच्या टोकाएवढं छिद्र ठेवलेलं असतं, होज फुटला तरी हवा हळूच जावी म्हणून. (फाटलेला लो प्रेशर होज सिलिंडर कितीतरी लवकर रिकामा करतो, तो याच कारणानं.) आवळताना जादाचं ग्रीस त्या छिद्रात ढकललं जातं आणि प्रेशर गेजचा काटा रेंगाळतो. पाण्याखाली उरलेल्या हवेचा आकडा उशिरा कळणं किती धोक्याचं आहे, हे वेगळं सांगायला नको. सेकंड स्टेजकडे (तोंडात धरायच्या भागाकडे) हेच ग्रीस आतल्या सीटपर्यंत, म्हणजे हवा अडवणाऱ्या भागापर्यंत, पोचून वाळू धरतं. वाळूनं सीटला चरा पडला की फ्री फ्लो सुरू होतो, म्हणजे हवा आपोआप वाहत राहते.

‘व्हॅसलीन चालतं.’ इथे थोडं खोलात जायला हवं, कारण याला अर्धा आधार आहे. साधी काळी ओ-रिंग बहुधा नायट्राइल रबराची असते आणि नायट्राइल पेट्रोलियम सहन करतं. पण नायट्रॉक्ससाठी (ऑक्सिजन जास्त असलेल्या हवेसाठी) तयार केलेल्या काही रेग्युलेटरमध्ये ईपीडीएम या वेगळ्या रबराच्या रिंगा असतात. त्या व्हॅसलीननं फुगतात, मऊ पडतात आणि खाचेतून बाहेर ढकलल्या जातात. रिंग कोणत्या रबराची आहे हे नुसतं बघून ओळखता येत नाही.

आगीचा धोका त्याहून मोठा आहे. व्हॉल्व्ह झटकन उघडला की पुढून बंद असलेल्या हाय प्रेशर होजमधली हवा एकदम दाबली जाऊन तापते. ऑक्सिजनचं प्रमाण जास्त असेल तर तिथलं पेट्रोलियम पेटू शकतं. सिलिकॉन ग्रीस साध्या हवेसाठी ठीक आहे, पण ऑक्सिजनसाठी तेही नाही. 40 टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन वापरायचा असेल तर रेग्युलेटर त्यासाठी साफ केलेला हवा आणि ग्रीस क्रिस्टो-ल्यूब एमसीजी 111सारखं, परफ्लुओरो जातीचं. सिलिकॉन स्प्रे कशालाच वापरू नका. त्यातला गॅसही ज्वलनशील असू शकतो.

टेफ्लॉन टेप घरातल्या नळाच्या निमुळत्या आट्यांसाठी असते. होजचे आटे सरळ आहेत, सील करणं त्यांचं कामच नाही. टेपचा तुकडा निघाला की तो हवेबरोबर थेट सेकंड स्टेजमध्ये जातो.

आणि कचकचून आवळणं? होजचा खांदा पोर्टला टेकला की ओ-रिंग जेवढी दाबायची तेवढी दाबली गेलेली असते. पुढचा सगळा जोर पितळी आट्यांवर जातो. हातानं शेवटपर्यंत फिरवा, मग आखूड पान्यानं 4 ते 5 न्यूटन-मीटर, म्हणजे एका हाताचा हलका जोर. कंपनीच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तो पाळा. सेकंड स्टेजचा होज काढताना मात्र दोन पाने लागतात. एकानं इनलेट (होज जिथे जोडतो तो भाग) धरून ठेवला नाही तर तोही फिरतो आणि प्लास्टिकच्या डबीला तडा जाऊ शकतो.

ग्रीस खरोखर लागतं ते दाबाखाली फिरणाऱ्या सांध्यांना, आणि सल्ल्यात नेमका त्यांचाच उल्लेख नाही. प्रेशर गेजच्या मुळाशी एक छोटा स्पूल (बारीक पोकळ दांडी) असतो, त्यावर 003 मापाच्या दोन बारीक रिंगा. गेज वळवला की त्या घासतात. कोरड्या राहिल्या तर तिथूनच बुडबुड्यांची बारीक रांग सुरू होते. सेकंड स्टेजच्या टोकाची 010 मापाची रिंगही तशीच फिरते.

रिंगा नाशकातल्या सातपूर-अंबडच्या हायड्रॉलिक सीलवाल्यांकडे मिळतात, पण माप सांगून घ्या. लो प्रेशर पोर्टला सहसा 011 (आतला व्यास 7.65 मिमी, जाडी 1.78) आणि हाय प्रेशरला 012, तीही 90 शोअर कडकपणाची. ‘आठची रिंग’ मागितलीत तर 2 मिमी जाडीची हातात पडेल. डोळ्यांना ती सारखीच दिसते, पण आवळताना खाचेबाहेर येऊन कापली जाते.

जुनी रिंग प्लास्टिकच्या टोकानं काढा. स्टीलच्या सुईनं खाचेवर ओरखडा पडला तर नवी रिंगही गळणार. पोर्ट धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसा. होज बसल्यावर गेजची काच स्वतःपासून दूर धरून व्हॉल्व्ह सावकाश उघडा आणि सगळा संच बादलीत बुडवा. बुडबुडे पोर्टपाशी आले तर व्हॉल्व्ह बंद करा, पर्ज (सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं बटण) दाबून दाब शून्यावर आणा, होज काढून रिंग चिमटली आहे का, खाली कण आहे का ते बघा. दाब असताना पाना लावायचा नाही. बुडबुडे धातूच्या टोपणाखालून, रबरातून येत असतील तर दोष ओ-रिंगचा नाही, होजच बदलावा लागेल.