किटलीवरचा एक ठिपका

रंगीत पेन्सिलींनी कागदावर किटली रंगवून झाली आणि ती हुबेहूब कोळशासारखी दिसायला लागली. रंगवायची काळीच होती, पण काळी किटली आणि कोळसा यांच्यात एका पांढऱ्या ठिपक्याचा फरक असतो. नेमका तोच मी विसरले होते.

तैलरंगवाल्यांचं बरं असतं. सगळं आटोपलं की शेवटी पांढऱ्याचा एक फटकारा मारायचा, चकाकी हजर. योहानेस व्हर्मीरने 1665 च्या सुमारास रंगवलेली ती मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी घ्या. तिचा मोती म्हणजे पांढऱ्या शिशाच्या रंगाचे मोजके फटकारे. कानात अडकवायला साधा आकडाही काढलेला नाही, तरी बाई 350 वर्षं मिरवते आहे.

रंगीत पेन्सिलीत मात्र पांढरा रंग म्हणजे कागद. चमक जिथे हवी, तिथे पहिल्या रेघेपासून हात आवरायचा. आणि मी तर रिकामी जागा दिसली की भरून टाकणारी. आमची कपाटं याची साक्ष देतील.

पहिला मान पांढऱ्या पेन्सिलीला दिला. डब्यातल्या बाकीच्यांची थोटकं झाली आहेत, ही आली त्या दिवशी होती तेवढीच उंच. म्हटलं, आज तुझा दिवस. दाताखाली ओठ धरून घासली. पण या पेन्सिलींचा रंग मेणात किंवा तेलात बांधलेला असतो, आणि काळ्याचे थरावर थर दाबून मी कागदाचा खडबडीतपणा पार बुजवून टाकला होता. पांढरीला पाय रोवायला जागाच नव्हती. ती घसरली, जाताना थोडं काळं सोबत घेऊन गेली आणि किटलीवर राखाडी ढग उतरला. पांढऱ्या पेन्सिलीचा खरा उपयोग थर घोटून गुळगुळीत करायला होतो, हे नंतर समजलं. घोटलं मात्र फार सुरेख गेलं. कोळशाला पॉलिश झालं.

मग कणकेसारखा मऊ, मळायचा खोडरबर. तो नुसता टेकवून उचलायचा, घासायचा नाही. मी घासला. त्याबद्दल अधिक बोलण्यात अर्थ नाही.

चिकटपट्टीचा उपाय मात्र खरंच चालतो. पट्टी अलगद ठेवायची, वरून बॉलपेनच्या टोकाने ठिपक्याएवढंच गिरवायचं, की तेवढाच रंग पट्टीला चिकटून वर येतो. आला! पुरता पांढरा नाही, पण उजळ. आनंदात दूर धरून पाहिलं, तर किटलीची सावली उजवीकडे आणि माझी चमकही उजवीकडे. म्हणजे प्रकाश किटलीला वळसा घालून आलेला. तातडीने डावीकडे पट्टी लावली आणि घाईत सगळी तळहाताने दाबली. रंगाबरोबर कागदाचीही साल निघाली.

आता पांढरा जेल पेन. मेणाच्या थरावर तो चालेचना; गोळी नुसती फिरते, शाई नाही. पेन सुकलाय का बघायला अंगठ्याच्या नखावर टेकवला, तर टपोरा, स्वच्छ ठिपका. पुन्हा किटलीवर, काही नाही. पुन्हा नखावर, शेजारी एक छोटी बाकदार रेघ, अगदी झोकात. पेन ठणठणीत होता. वैर फक्त किटलीशी होतं. (टोकाला मेण बसतं, ते मधूनमधून चिंधीवर पुसावं लागतं. पण रागावलेल्या माणसाला हे कोण सांगणार?)

शेवटी ब्लेड. जाड कागदावर ब्लेडच्या टोकाने अलगद खरवडलं तर बारीक पांढरी रेघ निघते. माझा कागद जाड नव्हता, आणि साल गेल्यापासून तर मुळीच नव्हता. तिसऱ्या खरवडीला किटलीतून खालचं टेबल दिसू लागलं.

तेवढ्यात सात वर्षांची भाची येऊन उभी राहिली. बराच वेळ चित्राकडे बघत होती.

"मावशी, हा बॉम्ब आहे का?"

"किटली आहे ती."

"मग गळणार," भोकात बोट घालत ती म्हणाली. मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. अंगठा धरून तिने तो उजेडात इकडून तिकडे वळवला, डोळा बारीक करून निरखला.

"नख मात्र काय मस्त काढलंयस गं! अगदी खऱ्यासारखं."