दुसऱ्यांदा रक्त का घेतले, याविषयी खुलासा

सप्रेम नमस्कार.

आमच्या लातूरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सुई नीट न टोचल्याने वडिलांच्या रक्ताचा नमुना खराब झाला, त्यासाठी त्यांना निलंग्याहून पुन्हा बोलावले आणि वर स्मिअर (काचपट्टीवर पसरलेले रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) व हॅप्टोग्लोबिन (रक्तातले एक प्रथिन) तपासायला सांगून बिल वाढवले, असे आपण लिहिले आहे. या वयात त्यांना एसटीने दुसरा हेलपाटा पडला, याचे मलाही वाईट वाटते. तरीही पुन्हा बोलावण्याचा निर्णय योग्यच होता. वडिलांच्या हृदयात यांत्रिक झडप असल्याचे आपणच लिहिले आहे, म्हणून तिचा उल्लेख करतो; त्यांच्या अहवालातले काहीही येथे उघड करणार नाही.

एरवी पिवळसर असणारा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, लालसर दिसला, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या होत्या. त्या नळीत फुटल्या की शरीरातच, हे अशा रुग्णाच्या बाबतीत पाहावेच लागते. झडप मिटताना तिच्या फटींतून रक्ताची बारीक धार फार वेगाने मागे फेकली जाते आणि जेमतेम ७-८ मायक्रॉनची पेशी त्या ओढाताणीत फाटू शकते; १९८२ मध्ये अमेरिकेत बार्नी क्लार्क यांना बसवलेल्या जार्विक-७ या कृत्रिम हृदयातही यांत्रिक झडपाच होत्या, आणि रक्तपेशींना होणारी इजा हा अशा यंत्रांपुढचा मोठा प्रश्न राहिला आहे. आजच्या झडपांत हे नुकसान बहुधा इतके थोडे असते की अस्थिमज्जा ते भरून काढते. झडपेच्या कडेने गळती सुरू झाली, तर मात्र रक्त झपाट्याने कमी होऊ शकते, आणि ती गळती लवकर लक्षात येणे फार महत्त्वाचे असते.

पेशी नळीत फुटोत वा शरीरात, एलडीएच हे पेशींतले एन्झाइम दोन्ही प्रकारांत वाढते, म्हणून केवळ त्यावर विसंबता येत नाही. हॅप्टोग्लोबिन शरीरात सुटलेल्या हिमोग्लोबिनला बांधून घेते आणि त्यातच संपत जाते. नळीत पेशी फुटल्याने ते असे खर्ची पडत नाही. स्मिअरमध्ये फाटक्या पेशींचे तुकडे दिसले, तर पेशी शरीरातच फुटत असल्याचा संशय बळावतो. या दोन्ही तपासण्या आपल्या डॉक्टरांशी फोनवर बोलूनच केल्या. पुन्हा केलेल्या नेहमीच्या तपासण्यांचे पैसे घेतलेले नाहीत, हे पावतीवर दिसेल.

स्मिअरची काचपट्टी आम्ही जपून ठेवली आहे. हृदयरोगतज्ज्ञांना ती पाहायची असल्यास विनामूल्य देऊ, आणि ती नेण्यासाठी वडिलांनी येण्याची गरज नाही.