जुना ॲम्प्लिफायर भंगारात घालू नका : फिरणाऱ्या एका सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

गेले काही महिने एक संदेश ग्रुपाग्रुपांतून पुढे ढकलला जातोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : वीस-तीस वर्षांपूर्वीच्या स्टिरिओत आजच्या स्पीकरना पुरेल एवढा दम नसतो. जास्त वॉटचे नवे स्पीकर लावले तर तो जळतो. तो आताच्या टीव्हीला जोडता येत नाही. दोन स्पीकरवर सिनेमा बघण्यात अर्थ नाही. गाण्यांचे स्पीकर वेगळे, सिनेमाचे वेगळे. वर वायरीलाच हजारो रुपये जातात. सबब सगळं भंगारवाल्याला द्या आणि साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, आणा.

हे वाचून लोक चालू स्थितीतले सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्सचे ॲम्प किलोच्या भावानं देऊन टाकताहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ॲम्प चालू असेल तर तो ठेवावा आणि सगळे पैसे स्पीकरवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते एकेक मुद्दा घेऊन सांगतो.

आधी वॉट. सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे. संदेशात 30-40 वॉटचा जुना ॲम्प आणि 300 वॉटचा साउंडबार अशी तुलना आहे, पण हे आकडे एका मापानं मोजलेलेच नाहीत. अमेरिकेत 1974 साली नियम आला की घरगुती ॲम्प्लिफायर विकताना तो सलग किती वॉट देतो, किती ओहमच्या, म्हणजे किती रोधाच्या स्पीकरवर देतो आणि त्या वेळी डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाची मोडतोड, किती असतं, हे सांगायलाच हवं. त्या बाजारासाठी बनलेल्या जपानी ॲम्पवर 30 वॉट लिहिलेले असतील तर ते खरेखुरे, दर चॅनेलला, म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला मिळणारे 30 वॉट असत. आपल्याकडे पुढे नव्वदच्या दशकात टू-इन-वनच्या खोक्यांवर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, हजारांतले आकडे झळकायला लागले आणि वॉट या शब्दाची किंमतच गेली. आजही कित्येक साउंडबारच्या खोक्यावरचा मोठा आकडा म्हणजे सगळ्या चॅनेलची बेरीज असते, तीही आवाज फाटायला लागल्यावर मोजलेली. दुकानात त्याच्या ॲडॉप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. 19 व्होल्ट, 3 अँपिअर असं लिहिलं असेल तर गुणाकार 57 वॉट होतो. भिंतीतून 57 वॉट घेणारं यंत्र सलग 300 वॉट देऊ शकत नाही, एखाद्या दणक्यापुरती गोष्ट वेगळी.

शिवाय कान वॉट मोजत नाही. ताकद दुप्पट केली की आवाज 3 डेसिबलनं वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. कानाला आवाज दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते. 30 वॉटच्या जागी 100 वॉटचा ॲम्प आणला तर पदरात पडतात जेमतेम 5 डेसिबल. स्पीकरच्या माहितीपत्रकात मात्र एक आकडा असतो, ज्याच्याकडे कुणीच बघत नाही : सेन्सिटिव्हिटी. 1 वॉट दिल्यावर 1 मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ते हा आकडा सांगतो. बुकशेल्फ, म्हणजे फडताळात मावतील अशा छोट्या स्पीकरमध्ये तो साधारण 84 ते 90 असतो. 87 चा स्पीकर 30 वॉटला 1 मीटरवर सुमारे 102 डेसिबलपर्यंत जातो. सोफा 3 मीटरवर असेल तर अंतरामुळे 9-10 डेसिबल कमी होतात, दुसऱ्या स्पीकरमुळे 3 परत मिळतात, खोलीच्या भिंतीही थोडी भर घालतात. म्हणजे सोफ्यावर 95 च्या आसपास. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, हे लक्षात घेतलं तर फ्लॅटमध्ये 95 डेसिबलचं करायचं काय? म्हणून जुन्या ॲम्पसाठी स्पीकर शोधताना 87-88 च्या वरची सेन्सिटिव्हिटी शोधा. 87 ऐवजी 90 चा स्पीकर घेतला, तर ॲम्पची ताकद फुकटात दुप्पट केल्यासारखं आहे.

‘जास्त वॉटचे स्पीकर लावले तर ॲम्प जळतो’ हे तर उलटंच आहे. स्पीकरवर लिहिलेले 100 वॉट म्हणजे त्याची सोसायची ताकद. तो ॲम्पकडून तेवढे ओढून घेत नाही. ॲम्पवर ताण येतो तो ओहममुळे (ओहम जितके कमी, तितका करंट जास्त), आणि या समजाचं मूळ बहुधा तिथेच आहे. गाडीचे 6 बाय 9 चे लंबगोल स्पीकर प्लायवूडच्या खोक्यात बसवून घरच्या ॲम्पला लावायची आपल्याकडे जुनी पद्धत. गाडीचे स्पीकर बहुतेक 4 ओहमचे असतात. तसे दोन एकाच बाजूला पॅरलल जोडले की झाले 2 ओहम. मग करंट दुप्पट-चौपट वाहतो आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातात. दोष जातो वॉटच्या माथी.

ॲम्पच्या पाठीमागे स्पीकरच्या टर्मिनलजवळ ‘8 ओहम’ किंवा ‘4 ते 16 ओहम’ असं छापलेलं असतं, ते वाचा. ए आणि बी अशा दोन जोड्या असतील तर दोन्ही एकदम चालवताना ओहम निम्मे होतात. जुन्या ॲम्पला मी 8 ओहमचाच स्पीकर सुचवेन. 6 चा घरगुती आवाजात चालून जातो, 4 चा टाळावा.

ॲम्पमुळे नवा स्पीकर जळू शकतो, हे मात्र खरं आहे, आणि संदेशात नेमकं तेच नाही. एक कारण म्हणजे लहान ॲम्पचं बटण शेवटपर्यंत पिळणं. आवाज फाटायला लागला की लाटेचे माथे कापले जातात, त्यातून वरच्या पट्टीतली जास्तीची ऊर्जा तयार होते आणि नाजूक ट्विटर, म्हणजे उंच स्वर वाजवणारा छोटा स्पीकर, आधी जातो. फाटल्यासारखं वाटलं की बटण मागे घ्यायचं, एवढीच पथ्याची गोष्ट. दुसरं कारण म्हणजे ॲम्पमधून डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा करंट, स्पीकरकडे गळणं. हे तपासायला मल्टिमीटर पुरतो. स्पीकर काढून ठेवा, व्हॉल्यूम शून्यावर आणा, ॲम्प सुरू करून पाच मिनिटं जाऊ द्या, मग मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलवर टोकं लावा. पाच-दहा, वीस-तीस मिलिव्होल्ट दिसले तर निर्धास्त राहा. शंभरच्या वर आकडा गेला तर नवे स्पीकर लावायच्या आधी मेकॅनिककडे जा. व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर ही बहुतेक वेळा फक्त धूळ असते, काँटॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्यानं जाते. सतत ‘हंऽऽ’ अशी घरघर येत असेल तर पॉवर सप्लायचे कंडेन्सर सुकलेले असतात. ते बदलून मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास या कामाचे जाणकार अजून बसतात.

जुन्या स्पीकरचं काय? त्यांचीही तपासणी करूनच निर्णय घ्या. जाळी काढून वूफरच्या, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेची गोल पट्टी बोटानं अलगद दाबा. फोमची असेल आणि बोटाला काळा-पिवळा भुगा लागला, तर ती मेली. पंधरा-वीस वर्षांत फोमचं असं होतंच, कोकणात-गोव्यात दमट हवेमुळे लवकरच. पट्टी बदलता येते, पण स्पीकर मुळात बरा असेल तरच त्यात पैसे घालावेत. कडा रबराची असेल तर घाईनं काढू नका.

‘टीव्हीला जोडता येत नाही’ हा मुद्दा पाच मिनिटांत निकालात निघतो. आजच्या बहुतेक टीव्हींना ऑप्टिकल आउटपुट असतं. तिथून एक छोटा डॅक, म्हणजे डिजिटलचं ॲनालॉग करणारी डबी, आणि डबीतून लाल-पांढऱ्या पिना ॲम्पच्या ऑक्स, सीडी किंवा टेपच्या इनपुटला. फोनोला चुकूनही नको. ते रेकॉर्ड प्लेयरच्या क्षीण सिग्नलसाठी असतं, तिथे आवाज फाटूनच येईल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’, म्हणजे साधा न आवळलेला सिग्नल, करा. डॉल्बी या आवळलेल्या सिग्नलवर राहिलं तर साध्या डॅकमधून काहीच येत नाही किंवा नुसती खरखर येते, आणि ‘जुन्याला चालत नाही’ म्हणून लोक इथेच हात टेकतात. खरी अडचण एकच आहे : ऑप्टिकलमधून आवाज बहुधा ठरावीक पातळीवर येतो, त्यामुळे रिमोट चालत नाही आणि उठून बटण फिरवावं लागतं. त्यावर रिमोटवाला डॅक मिळतो, नाहीतर टीव्हीचं हेडफोन सॉकेट वापरा. सिनेमासाठी ब्लूटूथ नको, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

आता सिनेमा. दोन स्पीकरवर सिनेमा बघता येत नाही, असं म्हणणाऱ्यांना स्टिरिओचा उगम सांगायला हवा. इंग्लंडमधल्या ॲलन ब्लमलाइन या अभियंत्यानं 1931 साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याला खटकलं होतं ते सिनेमातलंच : नट पडद्याच्या एका टोकाला उभा असतो आणि आवाज मात्र भलतीकडून येतो. दोन स्पीकर नीट मांडले तर मधे काहीही नसताना संवाद बरोबर पडद्याच्या मध्यातून येतो, कारण दोन्हीकडून सारखाच आवाज आला की कान त्याची जागा मधे धरतो. जेमतेम मीटरभर लांबीच्या साउंडबारमध्ये डावा-उजवा एवढे जवळ असतात की हा पट उघडायला जागाच मिळत नाही. मग तो इलेक्ट्रॉनिक करामतीनं उघडायचा प्रयत्न होतो.

पण त्यासाठी मांडणी हवी. आपल्याकडे स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबलेले असतात, नाहीतर कपाटावर शेजारी-शेजारी. ते खाली आणा. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून साधारण तेवढ्याच अंतरावर ठेवा जेवढं तुमचं आणि त्यांचं अंतर आहे. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. कोपऱ्यात ढकलले की बास घुमतो आणि संवाद गढूळ होतात. एवढं करूनही संवाद मधून येत नसेल, आवाज पोकळ वाटत असेल आणि बास गायब असेल, तर एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली आहे. जुन्या स्पीकरवरचे रंग उडालेले असतात. वायर ॲम्पपासून सोडवा आणि तिची टोकं दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलला क्षणभर लावा. वूफरचा कागद बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली तार लाल, आत गेला तर ती काळी.

5.1, म्हणजे पाच स्पीकर आणि बाससाठी एक वेगळा अशी सिनेमाची मांडणी, निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. लांब सोफ्यावर पाच माणसं बसत असतील तर कडेला बसणाऱ्याला संवाद जवळच्या स्पीकरकडे सरकल्यासारखा वाटतो, तिथे मधला स्पीकर खरंच कामाला येतो. मागून येणारा पाऊस, डोक्यावरचं हेलिकॉप्टर हेही दोन स्पीकरवर तसं मिळणार नाही. पण दोन-तीन माणसांच्या घरात, एकाच पैशात पाच किरकोळ स्पीकर घ्यायचे की दोन उत्तम, यात मी दोनच घेईन.

‘गाण्यांचे वेगळे, सिनेमाचे वेगळे’ यात तथ्य थोडं आहे, तेही फक्त खालच्या बासपुरतं. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाच्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे 69 हर्ट्झवर असतो. पाच-साडेपाच इंची वूफरचा चांगला बुकशेल्फ स्पीकर 55-60 हर्ट्झपर्यंत उतरतो, म्हणजे खर्ज त्याच्या आवाक्यात आहे. सिनेमातले स्फोट पार 20-30 हर्ट्झपर्यंत जातात. ते हवेतच असतील तर नंतर स्पीकर टर्मिनलवरून सिग्नल घेणारा सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या बासचा स्पीकर, जोडता येतो, त्यासाठी जुन्या ॲम्पला वेगळं सॉकेट लागत नाही. मात्र एक सांगायला हवं : टीव्ही 5.1 चं दोन चॅनेलमध्ये रूपांतर करतो तेव्हा खास धमाक्यांचा ‘पॉइंट वन’ चॅनेल बहुतेक वेळा गाळला जातो. त्यामुळे आधी सबवूफर नसतानाच महिनाभर ऐकून बघा.

बाकी सगळ्याला, म्हणजे माणसाच्या आवाजाला, जे स्पीकर गाण्यासाठी चांगले तेच सिनेमासाठी. दुकानात जाताना तुमच्या कानात बसलेलं एखादं ख्यालाचं ध्वनिमुद्रण न्या. तानपुऱ्याची जवारी वेगळी ऐकू येते की नुसती भुणभुण? डग्ग्यावरची घिस्स खालून वर सरकताना कळते की एकच ‘धम’ होतो? तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ टोकदार आहे की काचेसारखा टोचतो? मग ज्यात दोघं हळू आवाजात बोलताहेत असा सिनेमातला एक प्रसंग लावा आणि व्हॉल्यूम कमी करा. शब्द कळायचे थांबले तर तो स्पीकर सोडून द्या, किंमत कितीही असो. दोन स्पीकरची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा ठेवायला लावा. जरासा मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं.

राहिली वायर. इलेक्ट्रिकच्या दुकानातली 2.5 स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर घ्या. तिचा रोध किलोमीटरला सुमारे 8 ओहम. स्पीकर 5 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 10 मीटर, म्हणजे 0.08 ओहम, 8 ओहमच्या स्पीकरपुढे एक टक्का. दोन्ही बाजूंना सारख्या लांबीचे तुकडे कापा, टोकं स्वच्छ सोला, एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकणार नाही हे बघा. वायरीतून वाचलेल्या पैशांत सुताराकडून दोन भक्कम लाकडी स्टँड करून घ्या.