घरातलं म्हातारं माणूस ॲडमिट करताना घ्यायची काळजी (स्वतःची)

घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर हे नीट वाचून ठेवा. गेल्या महिन्यात वडिलांना, म्हणजे नानांना, घेऊन आम्ही नऊ दिवसांत हा कोर्स पूर्ण केला. फी सणसणीत पडली, तुम्हाला फुकट सांगते.

आधी हॉस्पिटल निवडा. आजार काय आहे त्याच्या नादी लागू नका, लॉबी बघा. काचेची लिफ्ट आणि कॉफीचं मशीन असेल तर पेशंट निम्मा तिथेच बरा होतो. नानांच्या रक्तातलं सोडियम कमी, १२४ आलं होतं, त्यामुळे मधूनच मला आईच्या नावाने हाक मारत होते. आमचे नाक्यावरचे डॉक्टर, पंचवीस वर्षं नानांना बघणारे, म्हणाले, "माझ्याकडे दोन-तीन दिवस ठेवू, वरचेवर तपासू. ओळखीची माणसं दिसतील त्यांना." अशा माणसाचं ऐकायचं नसतं. त्यांच्याकडे लिफ्ट आहे का?

कॅज्युअल्टीत तुम्हाला सांगतील, "वॉर्डात ठेवता येईल, पण रिस्क तुमची." या वाक्यापुढे भलेभले आडवे होतात. तुम्हीही व्हा. आयसीयू म्हणा. पेशंट रिक्षातून स्वतः उतरून, सुटे मोजून भाडं देऊन आत आला असला तरी आयसीयूच म्हणा. नानांनी तसंच दिलं होतं, वर "दोन रुपये कमी आहेत, परत येताना देतो" असंही रिक्षावाल्याला सांगितलं होतं. आयसीयूत कुणाला घ्यावं आणि कुणाला नको, हे केंद्राच्या आरोग्य खात्याने २४ तज्ज्ञ बसवून लिहून काढलंय. पेशंट किंवा नातेवाईक नको म्हणाले तर घेऊ नये, असंही त्यात आहे. ते मोबाइलवर सापडेपर्यंत तुमच्या पाच सह्या झालेल्या असतात.

अमेरिकेतल्या भावाला ताबडतोब फोन लावा. 'बेस्ट ट्रीटमेंट' असा हुकूम आला की आपण सुटलो.

सत्तरीवरच्या सगळ्यांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेलं पाच लाखांचं आयुष्मान कार्ड जरूर काढा. काउंटरवर "हे इथे नाही चालत" असं ऐकायला ते लागतं.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सरकारी रुग्णालयांनी ज्येष्ठांना 'शक्य तितपत' खाटा द्याव्यात असं म्हटलंय. डिपॉझिटच्या फॉर्मवर तुम्हीही 'शक्य तितपत' लिहून बघा.

आता पिशवी. आयसीयूच्या दारात सिस्टर एक प्लास्टिकची पिशवी हातात देतात. "पेशंटच्या वस्तू, घरी घेऊन जा." आत नानांचा चष्मा, कानाचं मशीन आणि पाकीट. ती मुकाट्याने घ्यावी. मी घेतली. म्हणजे डोळे आणि कान माझ्या पर्समध्ये आणि नाना आत. खिडकी नाही, चोवीस तास ट्यूबलाइट, समोर मास्क लावलेली धूसर माणसं, आणि ती काय बोलतात ते ऐकूही येत नाही. तिसऱ्या दिवशी तिथले लोक मला म्हणाले, "पेशंट एकदम कन्फ्युज्ड आहे, कोऑपरेट करत नाही." माझ्या देखतच खाटेच्या पायथ्याशी उभं राहून विचारलं, "आजोबा, वार कोणता?" नाना म्हणाले, "मऊ भात." त्यांना 'आहार' ऐकू आलं होतं! तर लगेच फाइलीत नोंद. नळी ओढतात म्हणून दोन्ही मनगटं बँडेजने कठड्याला बांधलेली. कुणीतरी अनोळखी माणूस तुमच्या नाकात नळी घालतोय आणि का घालतोय ते ऐकू येत नाही, तर तुम्ही ओढणार नाही? पाचव्या दिवशी भेटीच्या दहा मिनिटांत मी मशीन पदराआडून आत नेलं, कानात बसवलं, चष्मा लावला. नाना माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "रिक्षावाल्याचे दोन रुपये दिलेस का?"

मेडिक्लेमची रक्कम संपली त्याच दिवशी नाना बरे झाले. "उद्या घरी न्या." चालत गेलेला माणूस व्हीलचेअरवर, लघवीची पिशवी लावून परत. पुन्हा उभं राहायला शिकवणारी, महिनाभर सांभाळणारी जागा हवी असेल तर त्याचे पैसे पॉलिसी देत नाही, आयसीयूचे देते. निवांत, मायेने बघणाऱ्या जागा आहेत, नाही असं नाही. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. पण ती मुख्यतः कॅन्सरवाल्यांसाठी. तेव्हा आजार निवडतानाच विचार करा. नाहीतर घर, आणि ब्युरोची बाई, जी तिसऱ्या दिवशी गावाला जाते.

जाऊ दे, नाही जमत मला हे चेष्टेत. अहो, चष्मा लावायला किती वेळ लागतो? कानाशी वाकून बोलायला कुठलं मशीन लागतं? म्हाताऱ्याचे हात बांधताना तुम्हाला काहीच वाटत नाही? आणि आपण तरी काय? चार लोकांना 'सगळं केलं' सांगता यावं म्हणून त्याला आत ढकलतो आणि बाहेर कॉफी पीत बसतो. सही माझी आहे. त्र्याऐंशी वर्षांचा, आपली पेन्शन आपण काढून आणणारा माणूस शेजारच्या खुर्चीत बसला होता आणि "नाना, तुम्हाला कुठे राहायचंय?" एवढं मी विचारलं नाही. भावाला विचारलं, मेडिक्लेमचं काम बघणाऱ्या टीपीएला विचारलं, त्यांना नाही.

कवळी अजून सापडलेली नाही. तीनदा फोन केला. "पिशवीत दिली होती, मॅडम."

नव्हती दिली.