गर्भपिशवीचं ऑपरेशन आणि नवऱ्याची सही

बायकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला. त्यात म्हटलंय की नवऱ्याच्या लेखी संमतीशिवाय बाईची गर्भपिशवी काढणं किंवा तिचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करणं हा गुन्हा आहे. नवरा नसेल तर सासरच्या नाहीतर माहेरच्या माणसाची सही लागते. आणि लग्न न झालेल्या मुलीचं असं ऑपरेशन कायद्यानं करताच येत नाही. खाली ‘प्रत्येक बहिणीपर्यंत पोहोचवा’ आहेच.

मला गप्प बसवत नाही, कारण याच समजुतीपायी माझ्या आत्याचे तीन आठवडे वाया गेले. तिला गाठी होत्या. अंगावरून इतकं जायचं की कुणाकडे गेली तर खुर्चीवर बसायच्या आधी हातातल्या पिशवीतून प्लास्टिक काढून अंथरायची. हिमोग्लोबिन सातच्या खाली आलं, डॉक्टरांनी गर्भपिशवी काढायला सांगितली. संमतीपत्रावर तिनं सही केली. त्याच्या शेजारी ‘पतीची सही’ अशी रिकामी रेघ होती. काउंटरवरच्या माणसानं त्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “हे भरून आणा, मग तारीख देतो.” नवरा अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. कुठे शोधायचा?

तर मुद्दा पहिला, गुन्ह्याचा. हे कुठून आलं ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तणुकीचे 2002 चे नियम आहेत. त्यातला 7.16 क्रमांकाचा नियम म्हणतो की ज्या ऑपरेशननं वंध्यत्व येऊ शकतं, त्याला नवरा-बायको दोघांची संमती हवी. 2023 मध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि जुनेच परत लागू झाले. म्हणजे डॉक्टर सही मागतात ते हवेतून नाही. पण हा डॉक्टरांच्या आचाराचा नियम आहे. तो मोडल्याची तक्रार वैद्यक परिषदेकडे जाते. तो फौजदारी कायदा नव्हे, आणि ‘गुन्हा’ हा शब्द मेसेज लिहिणाऱ्यानं पदरचा घातला आहे.

शिवाय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची नसबंदी सेवांची मानकं, 2006 ची आणि 2014 ची, याच्या नेमकं उलट सांगतात: जोडीदाराची संमती आवश्यक नाही. सरकारी दवाखान्यात कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनसाठी नवऱ्याच्या सहीवाचून बाईला परत पाठवणं सरकारच्याच मानकांत बसत नाही. एकाच देशात एक कागद सही मागतो आणि दुसरा नको म्हणतो, आणि या भांडणात बाईचं रक्त जात राहतं. माझ्या मते 7.16 मधलं ते वाक्य काढून टाकायला हवं.

दुसरा मुद्दा सासर-माहेरच्या सहीचा. हा तर साफ खोटा. 7.16 मध्येसुद्धा सज्ञान बाईच्या बाबतीत सासू, दीर, भाऊ कुठेच नाहीत. उलट सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2008 चा निकाल पाहा. दिल्लीतली 44 वर्षांची अविवाहित बाई तपासणीच्या लॅप्रोस्कोपीसाठी, म्हणजे पोटात दुर्बीण घालून पाहण्यासाठी, गेली होती. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढले. न्यायालयानं सांगितलं की रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर आल्यावर स्वतः सांगू शकते आणि जिवावर बेतलेलं नाही, तर आईची संमती चालत नाही. डॉक्टरांची ऑपरेशनची सगळी फी नाकारली आणि 25,000 रुपये भरपाई द्यायला लावली. आईची सही चालत नाही, तिथे दिराची कशी चालेल?

अविवाहितेचा मुद्दा म्हणजे दोन गोष्टींची सरमिसळ आहे. लग्न झालेलं असावं, वय 22 च्या वर असावं, वर्षाच्या वरचं एक तरी मूल असावं या अटी नसबंदी कार्यक्रमाच्या आहेत. मुलाच्या अटीलाही तिथेच अपवाद लिहिलाय: वैद्यकीय कारण असेल तर ती लागत नाही. गाठी, कॅन्सर किंवा न थांबणारा रक्तस्राव यांसाठी पिशवी काढणं हा उपचार आहे, कुटुंब नियोजन नव्हे.

ग्रुपवर एका ताईंनी 2007 चा घटस्फोटाचा निकाल पुढे केला. खरं आहे, त्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की जोडीदाराला न सांगता नसबंदीचं ऑपरेशन करून घेणं मानसिक छळ ठरू शकतं. पण त्याच वाक्यात ‘वैद्यकीय कारण नसताना’ असंही आहे, आणि विषय घटस्फोटाचा आहे. ऑपरेशन रोखण्याचा अधिकार त्यातून नवऱ्याला मिळत नाही.

दुसऱ्या ताईंची काळजी मला जास्त पटते: सही नसली तर बीडसारखं होईल. तिथे 2019 मध्ये 82,309 ऊसतोड कामगार महिलांच्या पाहणीत 13,861 जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. भयंकर आहे ते. पण पिशवी काढायची गरज आहे का, हे दुसरा डॉक्टर सांगू शकतो, नवरा नाही. बीडमध्येही उपाय म्हणून खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लावली गेली.

अडवलं गेलं तर काउंटरवर वाद घालू नका. थेट डॉक्टरांना भेटा. नवरा का नाही ते केस पेपरवर लिहून घ्यायला सांगा आणि नकार असेल तर कारणासकट लेखी मागा. आत्याला दुसरीकडे नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी त्या रेघेवर ‘विभक्त, लागू नाही’ असं लिहिलं, तिला संमतीपत्र ओळ न् ओळ वाचून दाखवलं, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या आणि चौथ्या दिवशी ऑपरेशन केलं.